वाळूचे उतारू

ताई : …आणि मग आई आतून हाक मारायची, “दिवा ठेवा गं कुणीतरी खिडकीत, माझा टिल्लू यायची वेळ झाली!” अजून कानात आहे माझ्या. तुझ्या आहे का रे?

भाऊ : आहे. जरा हळू बोल.

ताई : का? तुझे उतारू झोपलेत का?

भाऊ : उतारू नाहीत गं ते, वाळूच्या गोण्या आहेत. माणसाच्या वजनाच्या. भरलेल्या ट्रामला ब्रेक कसा लागतो, पुलावर ती कशी चढते, ते नवीन मार्ग सुरू होण्याआधी बघायचं असतं. माणसं बसवून कसं बघणार?

ताई : म्हणजे माणसं आपटलेली चालत नाहीत, गोण्या आपटलेल्या चालतात.

भाऊ : आजवर एकही आपटलेली नाही. माझ्या हातून तर नाहीच.

ताई : पण बसल्यात बघ कशा! एका बाकावर एकेक. सगळ्या खिडकीकडे तोंड करून, घरी भांडून निघाल्यासारख्या. आणि ती गाडीतली बाई सांगतेय, “हा शेवटचा थांबा आहे, कृपया सर्वांनी उतरावे,” तर एक हलेल तर शपथ!

भाऊ : ती बाई नाही, यंत्र आहे.

ताई : यंत्र गोण्यांना सांगतंय आणि तू ऐकत बसतोस. चांगली नोकरी आहे तुझी, टिल्लू.

भाऊ : अगं टिल्लू टिल्लू काय लावलंयस! छातीवर बिल्ला आहे माझ्या. वर्दी आहे. हा माईक कधीकधी चालूच राहतो.

ताई : राहू दे की. बिल्ला लावला म्हणून काय मोठा झालास होय? आईचं ते गाणं आठवतं का? दिवा ठेवताना म्हणायची ते. “दिवा खिडकीशी ठेविते, वात वर गं सारते…” पुढचं काय रे? रोज इथे सुई ओवताना ओठांवर येतं आणि तिथेच अडतं.

भाऊ : नाही आठवत.

ताई : लाडका तू, आणि आठवायचं मी.

कंट्रोल : चाचणी गाडी, कंट्रोल बोलतेय. शेवटच्या थांब्यावर दारं उघडी ठेवून किती वेळ झाला?

भाऊ : वेळापत्रकाप्रमाणेच आहे, मॅडम.

कंट्रोल : वेळापत्रकाप्रमाणे तुम्ही आत्ता पुलावर असायला हवं. निघा… टिल्लू.

ताई : अगं बाई! ऐकलं वाटतं तिनं.

भाऊ : झालं समाधान? दारं बंद होतायत. मागे सरक.

ताई : मी फलाटाच्या कठड्याबाहेर आहे, माझ्या दुकानाच्या पायरीवर. मला कसला सरक म्हणतोस! संध्याकाळी आहेस का?

भाऊ : आहे. एक फेरी आहे.

*

ताई : आलास? तू पुलावर होतास तेव्हाच मला कळलं. आधी रूळ गुणगुणतात, मग गाडी दिसते.

भाऊ : मला पुलावरून तुझा दिवा दिसला. दुकानातला.

ताई : रफू करायला उजेड लागतो बाबा. डोळे काही तरणे राहिले नाहीत. तुझ्यासाठी नाही लावत मी.

भाऊ : मी कुठे म्हटलं?

ताई : तोंड तसं केलंस. बरं, भावजय कशी आहे माझी? सांगितलंस का, मी विचारत होते म्हणून?

भाऊ : सांगितलं.

ताई : मग काय म्हणाली?

भाऊ : काय म्हणणार? बरं आहे म्हणाली.

ताई : कधी आणतोस तिला इकडे?

भाऊ : आणू की. गाडी सुरू होऊ दे सगळ्यांसाठी.

ताई : हे बरंय. आधी काय, तर “लांब पडतं गं ताई.” दोन बस बदला, मग ती चढण चढा. लांब पडतं! हे गेले तेव्हा आलास, तोसुद्धा उभ्या उभ्या. चप्पल पायातच. शेवटची बस चुकेल म्हणून घड्याळ बघत होतास.

भाऊ : पडायचंच ना लांब. तू तरी कुठे यायचीस?

ताई : मला गुडघा आहे.

भाऊ : मला दोन आहेत.

ताई : आता हसतोस. रस्ता खणला होता तेव्हा यायला हवं होतंस, म्हणजे कळलं असतं. दुकानासमोर विहिरीएवढा खड्डा! फळीवरून यायचं गिऱ्हाईक. एक आजोबा कोट घेऊन आले, अर्ध्या फळीवर खाली बघितलं आणि तसेच उलट्या पावली मागे गेले. कोट फाटका तो फाटकाच राहिला असेल. धूळ इतकी, की पांढरा दोरा ओवावा तर राखाडी निघायचा. मनात म्हणायचे, माझा सख्खा भाऊ या गाड्या चालवतो, आणि त्याच गाड्या माझ्या दुकानाच्या मुळावर आल्यात.

भाऊ : मार्ग मी नाही आखला, ताई.

ताई : ठाऊक आहे रे. पण शिव्या द्यायला ओळखीचं माणूस लागतं. मग एक दिवस खड्डा बुजला, रूळ आले, तारा आल्या. आणि एका दुपारी पहिली गाडी आली, आत कुणीच नाही, आणि पुढे तू. मी सुई टोचून घेतली बोटात.

भाऊ : मी तुला पाहिलं नव्हतं त्या दिवशी.

ताई : खोटं. घंटी वाजवलीस तू. रुळांवर कुत्रंसुद्धा नव्हतं.

भाऊ : घंटी तपासायची असते.

ताई : हो, सलग इतक्या वेळा तपासायची असते!

भाऊ : दारं बंद होतायत.

ताई : होऊ देत. तुझं हे बरंय, बोलणं अंगाशी आलं की दारं बंद.

*

ताई : थांब, थांब, आज दार लावू नकोस इतक्यात. हे घे. कठड्यावरून टाकते, झेल.

भाऊ : काय आहे हे? गाडीत काही ठेवायची परवानगी नाही. वजन मोजलेलं असतं सगळं.

ताई : लोकरीनं मोडणार होय तुझा पूल? स्वेटर आहे. भावजयीसाठी.

भाऊ : कशाला उगाच…

ताई : उगाच कसा? थंडी पडलीय. तिला दे, आणि अंगावर कसा बसतो ते मला नीट येऊन सांग. सैल होतो की घट्ट, खांद्यात उचलतो का. माझं काम आहे ते, हयगय नको.

भाऊ : असाच तपकिरी माझा होता एक. कुठे गेला कुणास ठाऊक. कपाटं उपसली सगळी.

ताई : तपकिरी रंग काय तुझ्या बापाचा आहे?

भाऊ : बाप एकच आहे आपला.

ताई : म्हणून तर बोलले. कोपराला विरलेला होता ना तो?

भाऊ : तुला कसं ठाऊक?

ताई : तुझे सगळेच कोपराला विरतात. लहानपणापासून. डेपोच्या भिंतीवर कोपर टेकायचे आणि गाड्या बघायच्या. घरंही अशी एकसारखी, की अंधार पडला की तुला आपलं कुठलं ते कळायचं नाही. एकदा शेजारच्या घरात जाऊन जेवायला बसला होतास.

भाऊ : त्यांचं कालवण चांगलं होतं.

ताई : त्यानंतरच आईनं दिवा ठेवायला सुरुवात केली. जा, निघ आता. तुझी मॅडम ओरडेल. आणि आठवणीनं दे तिला.

*

कंट्रोल : चाचणी गाडी, पुलाच्या अलीकडे वेग कमी करा.

भाऊ : केला.

कंट्रोल : ब्रेक कसा वाटतो?

भाऊ : लोण्यासारखा.

कंट्रोल : काका, “लोण्यासारखा” असं लिहिता येत नाही मला.

भाऊ : मग “समाधानकारक” लिहा. आम्ही लोणीच समजू.

कंट्रोल : उद्या तुमची सुट्टी आहे. दुसरा चालक पाठवतोय आम्ही.

भाऊ : नको. येतो मी.

कंट्रोल : मागच्या सुट्टीलाही आलात. घरचे काही बोलत नाहीत का?

भाऊ : नाही. घरी कुणी काही बोलत नाही.

कंट्रोल : नशीबवान आहात. माझ्याकडे आई, सासू आणि नवरा, तिघंही एकदम बोलतात. बरं, पुढच्या थांब्यावर दारं उघडा, ठरलेला वेळ थांबा, बंद करा.

भाऊ : ठीक… दारं उघडली… या, या. कुणी नाही? बरं… आणि तुला काय झालं? अशी कलंडलीस का? थांब, उठतो, नीट बसवतो. या काचेचं रबर बसवायचं राहिलंय, सगळा वारा तुझ्याच अंगावर. माझ्या मागे बसतेस आणि एका शब्दानं बोलत नाहीस… घे. घाल हा. तिच्या नावानं आलाय, पण तिला द्यायचा कुठे? हात नाहीत तुला, बाह्या पुढे बांधतो. ही गाठ. बघ आता. आता कसं, मागे कुणीतरी बसल्यासारखं वाटतं.

कंट्रोल : काका, माईक चालू आहे तुमचा.

भाऊ : बंद करतो.

कंट्रोल : थांबा. गाडीत माणूस असेल तर मला वर कळवावं लागेल. कुणाशी बोलत होतात?

भाऊ : माणूस नाही, मॅडम. गोणी आहे. माझ्या मागच्या बाकावरची.

कंट्रोल : गोणीला स्वेटर घातलात?

भाऊ : ताईनं दिला. माझ्या बायकोसाठी.

कंट्रोल : मग त्यांना द्या की.

भाऊ : ती नसते आता घरी. गेली. बरेच महिने झाले. भांडण नाही, तंटा नाही. निघून गेली.

कंट्रोल : आणि तुमच्या ताई?

भाऊ : तिला यातलं काही ठाऊक नाही. रोज विचारते, कशी आहे, कधी आणतोस. मी म्हणतो, बरं आहे.

कंट्रोल : सांगून टाका ना काका. बहीण आहे.

भाऊ : तीही एकटीच असते. एकट्या माणसाला दुसऱ्या एकट्या माणसानं काय सांगायचं? आणि इतक्या वर्षांनी मी तिच्या दाराशी येतोय, तर काय हेच घेऊन येऊ?

कंट्रोल : स्वेटर घेऊन परत जाण्यापेक्षा ते बरं.

भाऊ : मॅडम, चढ आला. पुढे लक्ष द्यायचंय.

*

ताई : काय मग, बसला का?

भाऊ : कोण?

ताई : कोण काय! स्वेटर. भावजयीला बसला का?

भाऊ : हो… झकास बसला.

ताई : खांद्यात?

भाऊ : खांद्यात बरोबर. तिला खांदे तसे… आहेतच.

ताई : आणि बाह्या?

भाऊ : बाह्या जरा लांब.

ताई : दुमडून घालते का?

भाऊ : नाही, पुढे बांधते.

ताई : बाह्या पुढे बांधते?

भाऊ : फॅशन आहे म्हणे.

ताई : काय एकेक निघेल! कमरेत?

भाऊ : कमरेत घट्ट होतो. ताणून ओढावा लागला.

ताई : जाड झाली वाटतं.

भाऊ : थोडी. दिवसभर बसून असते ना.

ताई : ती? एका जागी बसून? काठीला कपडे घातल्यासारखी होती पोर, आणि तिच्या पायाला भिंगरी. काही दुखतंय का तिला?

भाऊ : नाही गं. बरं आहे सगळं.

ताई : टिल्लू.

भाऊ : हं?

ताई : तुला माझ्याशी काही बोलायचंय का?

भाऊ : काय बोलायचं? रोज बोलतोच की.

ताई : रोज मी बोलते. तू दारं उघडतोस आणि बंद करतोस.

भाऊ : ते माझं काम आहे, ताई.

ताई : असेल. मी दिवा जरा पुढे सरकवून ठेवलाय आज. खिडकीत. उगाच. जागा नव्हती टेबलावर.

भाऊ : दिसला. पुलावरून आधीपेक्षा लवकर दिसला.

*

कंट्रोल : चाचणी गाडी, ही आजची शेवटची फेरी. म्हणजे भरलेल्या गाडीची एकूणच शेवटची.

भाऊ : एकूणच?

कंट्रोल : आकडे चांगले आलेत. उद्या सकाळी डेपोत गोण्या उतरवतील. पुढच्या आठवड्यात उद्घाटन. फलाटावर बँड, नवीन चालक, सगळं.

भाऊ : आणि मी?

कंट्रोल : तुम्हाला जुन्या मार्गाच्या त्या टोकाला पाठवतायत. तिथेही नव्या गाड्या येणार आहेत, त्या चालवायला शिकवाल तुम्ही. मान आहे तो, काका.

भाऊ : असेल. गोण्यांचं काय करतात पुढे?

कंट्रोल : वाळू ओतून टाकतात बहुतेक. रुळांच्या कडेला. का?

भाऊ : सहज विचारलं.

कंट्रोल : काका, शेवटच्या थांब्यावर आज बोलाल का ताईंशी?

भाऊ : थांबायला वेळ कुठे असतो तिथे? बोलायला लागावं तोवर तुम्ही ओरडता.

कंट्रोल : वेळ मी बघते.

*

ताई : आज जायचं नाही वाटतं? केव्हाची दारं उघडी आहेत.

भाऊ : तारेतली वीज बंद केलीय. पुलावर काहीतरी तपासतायत म्हणे. कंट्रोलनं इथेच थांबायला सांगितलंय.

ताई : मग मी येते तिकडे.

भाऊ : ए, दोरी बांधलीय तिथे! उद्घाटनापर्यंत फलाटावर कुणाला—

ताई : दोरी म्हणजे जाडा दोराच ना? जन्म गेला माझा दोऱ्यात. धर जरा हात… अरे, आणि पायरी कुठाय?

भाऊ : नाहीच पायरी. फलाट आणि गाडी एका पातळीत. तुझ्यासारख्या गुडघ्यांसाठीच केलंय हे. जुन्या गाडीत चढताना आईला तू मागून ढकलायचीस आणि मी पुढून ओढायचो, आठवतं?

ताई : आणि ती मधल्यामध्ये हसत सुटायची, म्हणून आणखी वेळ लागायचा. आईला हे हवं होतं रे. सरक, बघू दे आत.

भाऊ : नको, आत काही नाही. गोण्या आहेत नुसत्या.

ताई : गोण्याच बघते. इतके दिवस लांबून बघितली तुझी मंडळी… ही कोण?

भाऊ : कोण?

ताई : ही. तुझ्या पाठीमागची. स्वेटर घातलेली. बाह्या पुढे बांधलेल्या.

भाऊ : फॅशन आहे… म्हणे.

ताई : हसवू नकोस मला. आज हसायचं नाहीये.

भाऊ : तिथली काच नीट बसलेली नाही गं. दमट वारा लागतो. वाळू ओली झाली की जड होते, वजन चुकतं, म्हणून…

ताई : म्हणून वाळूला स्वेटर.

भाऊ : घरी न्यायचा राहिला रोज. आज नेणारच होतो. तिला—

ताई : गाठ सोड ती.

भाऊ : ताई…

ताई : सोड गाठ. काढ तो. झटक. आता तू घाल.

भाऊ : मी? बायकांचा स्वेटर?

ताई : घाल म्हणते ना. मोठी आहे मी तुझ्याहून, वर्दी असली तरी.

(भाऊनं टोपी काढून समोरच्या खणावर ठेवली. स्वेटर डोक्यावरून ओढताना वाळूचे चार कण त्याच्या मानेवर सांडले. डोकं बाहेर यायला जरा वेळ लागला. आत अंधार होता, ऊब होती, आणि ओळखीचा वास होता. तेवढा वेळ त्याला आतच बरं वाटलं.)

ताई : खांदे?

भाऊ : बरोबर.

ताई : बाह्या?

भाऊ : मनगटापर्यंत. ताई, हा तर…

ताई : कोपर चाचपून बघ. तिथे दुहेरी विणलाय.

भाऊ : हा माझ्या मापाचा आहे.

ताई : तिच्या मापाचा विणलाच नव्हता. रोज घेऊन जात होतास, एकदा तरी उलगडून अंगाला लावून बघितला असतास तर कळलं असतं. पण नाही. वाळूला घातलास.

भाऊ : ही लोकर माझ्या जुन्या स्वेटरची आहे. वास तोच आहे.

ताई : गळ्यापाशी निळी आहे ती नवीन. बाकी तुझीच. उसवली, धुतली, वाळवली, पुन्हा विणली. विरलेलं तेवढं टाकलं.

भाऊ : तुझ्याकडे कसा आला तो?

ताई : ती घेऊन आली होती.

भाऊ : कोण ती?

ताई : आता कोण म्हणून विचारतोस? दोन बस बदलून आली, चढण चढून, खड्ड्यावरच्या त्या फळीवरून. तिला नाही लांब पडलं.

भाऊ : कधी?

ताई : गेली त्याच आठवड्यात. पिशवीतून स्वेटर काढला आणि म्हणाली, “कोपराला रफू करा. मी केलेलं टिकत नाही, आणि आता मी असणारही नाही.” मी विचारलं, हात उगारतो का? नाही म्हणाली. पितो का? नाही. मग झालं काय? तर म्हणाली, “येतो, जेवतो, आपलं ताट उचलतो, खिडकीशी बसतो. काही विचारलं की म्हणतो, बरं आहे. इतकी वर्षं मी त्या एका दाराबाहेर उभी आहे ताई, पाय दुखले माझे.” रडत नव्हती. तीच वाईट गोष्ट होती. रडली असती तर मी तिला बसवून ठेवली असती.

भाऊ : म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि तरी रोज विचारत होतीस. कशी आहे, कधी आणतोस, स्वेटर बसला का.

ताई : विचारत होते.

भाऊ : “बाह्या पुढे बांधते” असं मी म्हणालो, तेव्हाही?

ताई : तेव्हा तुला बदडावंसं वाटलं. मग तू गेल्यावर इतकी हसले, आणि मग दुकानाचं दार ओढून बसले थोडा वेळ.

भाऊ : सांगायचंस ना, की ठाऊक आहे.

ताई : ती जाताना एवढंच म्हणाली, “तुम्ही त्याच्याकडून काढून घेऊ नका. त्यानं आपणहून दिलं तर घ्या.” म्हणून मी आपली रोज हात पसरून उभी, कठड्याच्या बाहेर.

भाऊ : मग आता झालंच की. सगळं कळलेलं आहे तुला. सांगायचं राहिलंय काय?

ताई : मला कळणं वेगळं रे. तू सांगणं वेगळं.

कंट्रोल : चाचणी गाडी. तारेत वीज आलीय.

भाऊ : निघतो, मॅडम.

कंट्रोल : मी निघा म्हटलेलं नाही अजून.

भाऊ : मॅडम, तुम्ही… माझा माईक…

कंट्रोल : चालू आहे. केव्हाचा. आता तुम्ही तो बंद करा, आणि मी चहा घ्यायला उठते. आले की निघा म्हणेन. चहा गरम आहे, सावकाश पिते मी.

ताई : पोरगी बरी आहे.

भाऊ : हं.

ताई : उद्या येशील?

भाऊ : उद्या गोण्या उतरवतायत. मला जुन्या मार्गावर पाठवतायत, पार त्या टोकाला.

ताई : म्हणजे पुन्हा लांब पडेल.

भाऊ : नाही पडणार. आता दोन्ही मार्ग जोडलेत, एकच गाडी आहे. त्या टोकाला बसलं की या टोकाला उतरायचं, बदलायचं काही नाही.

ताई : गाडी आणून सोडेल रे दारापर्यंत. आणि मग? चप्पल पायात ठेवून उभा राहशील, आणि म्हणशील, बरं आहे. रूळ टाकायला शेकडो माणसं आली, तुझ्याऐवजी बोलायला कोण येणार आहे? जाऊ दे. मी जाते. दुकान उघडं टाकून आलेय. स्वेटर काढू नकोस, वारा आहे पुलावर.

भाऊ : ताई.

ताई : काय?

भाऊ : “दूरच्या माझ्या लेकराला उजेडानं पुकारते.”

ताई : काय म्हणालास?

भाऊ : आईचं गाणं. पुढची ओळ. तुझी अडायची ना तिथे.

ताई : तू तर म्हणालास, आठवत नाही.

भाऊ : आठवत होती. पुलावर आलो आणि तुझा दिवा दिसला की रोज म्हणतो. गोण्यांना पाठ झाली असेल.

ताई : मग मला का नाही सांगितलीस?

भाऊ : ती म्हटली असती, तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

ताई : मग सांग. मी इथेच आहे.

भाऊ : ताई… घरी गेलो की खिडकी काळी असते. दिवा मलाच लावावा लागतो गं.